बस की रूळ : मध्यम शहरांपुढचा पेच

पाच ते वीस लाख लोकवस्तीचे शहर हे वाहतूक नियोजनाच्या दृष्टीने सर्वांत अवघड शहर असते. मुंबईसारख्या महानगराचे उपनगरी रेल्वे किंवा मेट्रोवाचून भागणार नाही, याबद्दल कोणाचे दुमत नसते, तर तालुक्याच्या गावी रिक्षा, दुचाकी आणि एसटी एवढ्यावर निभावून जाते. मधल्या आकाराच्या शहराचे तसे नाही. तेथील मुख्य रस्त्यांवरची गर्दी साध्या सिटी बसला आवरेनाशी झालेली असते, पण मेट्रोचा डोलारा उभारून तो वर्षानुवर्षे चालवण्याइतके प्रवासीही तेथे नसतात आणि पैसाही नसतो. अशा शहरांसाठी जगभर प्रामुख्याने दोन साधनांचा विचार होतो. एक म्हणजे रस्त्यात स्वतंत्र मार्गिका राखून चालवलेली जलद बस, जी पुण्यामुळे मराठी वाचकाला ‘बीआरटी’ या नावानेच परिचित आहे. आणि दुसरी, रस्त्याच्या पातळीवर रुळांवरून धावणारी हलकी विद्युत रेल्वे, म्हणजे ‘लाइट रेल’. बस जुनाट आणि रेल्वे आधुनिक अशी सरळ वाटणी करून या दोहोंतील निवड बहुधा वाहनाच्या रूपावरून केली जाते. वस्तुतः ती रस्त्याची रुंदी, चौकांची रचना आणि महापालिकेची कुवत पाहून व्हायला हवी.

बीआरटी म्हणजे रस्त्यावर मारलेला रंगाचा पट्टा नव्हे. इतर वाहनांना प्रवेश नसलेली, शक्यतो रस्त्याच्या मधोमध असलेली मार्गिका. बसच्या तळाशी समतल असा फलाट. बसमध्ये चढण्यापूर्वीच तिकीट देण्याची सोय. आणि चौकात बसला अग्रक्रम देणारा सिग्नल, या सर्व गोष्टी एकत्र आल्या म्हणजे ती व्यवस्था बीआरटी या नावाला पात्र ठरते. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ मध्ये, जैमी लर्नर हे वास्तुविशारद महापौर असताना, बससाठी स्वतंत्र मार्ग सुरू केले आणि १९९१ मध्ये काचेच्या नळ्यांसारखी दिसणारी थांबास्थानके उभारली, ज्यांत प्रवासी आधी भाडे भरून आत जातो आणि बस आली की दारातून सरळ आत पाऊल टाकतो. लाइट रेल ही ट्रामची वंशज. जुनी ट्राम मोटारींच्या गर्दीतून वाट काढत जात असे, तर लाइट रेलचा बहुतेक मार्ग राखीव असतो; मेट्रोपेक्षा तिच्या गाड्या आखूड व हलक्या असतात, वळणे तीव्र चालतात आणि ती चौकातून, सिग्नल पाहून, इतर वाहतुकीबरोबर ये-जा करू शकते. मुंबईत १८७४ ते १९६४ अशी नव्वद वर्षे ट्राम धावली. ‘बेस्ट’ या नावातला शेवटचा ‘ट’ मूळचा ट्रामवेजचाच होता, बस नंतर आली.

दोन्ही साधनांची तुलना ज्या मापाने होते ते माप म्हणजे गर्दीच्या तासात, मार्गाच्या सर्वाधिक भरलेल्या टप्प्यावर, एका दिशेने जाणाऱ्या प्रवाशांची संख्या. दिवसभराचे एकूण प्रवासी किती, हा आकडा वृत्तपत्रांत छापून येतो, पण वाहनाची निवड त्यावरून होत नाही. समजा, एखाद्या मार्गावर ही संख्या ताशी ५,००० आहे. बारा मीटर लांबीच्या नेहमीच्या बसमध्ये दाटीने ७० प्रवासी धरले तर ताशी ७२ बस लागतील, म्हणजे दर ५० सेकंदांना एक. दोन भाग मध्ये भात्याने जोडलेल्या लांब बसमध्ये, जिला सोयीसाठी जोडबस म्हणता येईल, १३० प्रवासी मावतात असे मानले तर ३९ बस पुरतील, म्हणजे साधारण दीड मिनिटाला एक. लाइट रेलच्या गाडीत २५० प्रवासी धरले, तर दर तीन मिनिटांना एक याप्रमाणे २० गाड्यांत काम भागेल. प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर कमी अंतराने येणारी बस अधिक सोयीची, कारण थांबावे लागत नाही; चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ७२ चालकांच्या जागी २० चालक ही मोठी बचत. लाइट रेलच्या बाजूने पाश्चात्त्य देशांत जो आर्थिक युक्तिवाद केला जातो, त्याचा गाभा हाच आहे.

तो युक्तिवाद भारतात जसाच्या तसा लागू होत नाही, ही गोष्ट येथील प्रकल्प अहवालांत क्वचितच स्पष्टपणे मांडली जाते. युरोप-अमेरिकेत चालकाचे वेतन हा वाहतूक चालवण्याच्या खर्चातील सर्वांत मोठा वाटा असतो, म्हणून एका चालकामागे जितके अधिक प्रवासी तितका फायदा. भारतीय शहरांत बहुतेक नव्या बससेवा कंत्राटी असून चालकाचा पगार तुलनेने तुटपुंजा असतो, उलट रुळांवरचे डबे, विद्युत उपकेंद्रे आणि सिग्नल यंत्रणा यांच्या किमती जागतिक बाजाराशी बांधलेल्या असतात. परिणामी ज्या प्रवासीसंख्येला फ्रान्समध्ये रूळ परवडतात, त्याच संख्येला महाराष्ट्रात बस स्वस्त पडते. अर्थात चालकाला कमी पगार मिळतो म्हणून बस स्वस्त, हे काही भूषण नव्हे. पण हिशेब मांडताना तो लपवूनही चालत नाही.

क्षमतेच्या चर्चेत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी जागा म्हणजे चौक. आपल्याकडे चार रस्त्यांच्या मोठ्या चौकात सिग्नलचे एक पूर्ण आवर्तन दोन मिनिटांचे किंवा त्याहूनही लांब असते. दर ५० सेकंदांना बस येत असेल तर एका आवर्तनात एकेका दिशेने दोन-तीन बस चौकाशी पोचतात; प्रत्येक बससाठी दिवा हिरवा करायचा ठरवले तर आडवा रस्ता कायमचा बंद पडेल, आणि न करावा तर बस लाल दिव्यापाशी गोळा होऊन एकीमागून एक अशा झुंडीने पुढे निघतात. मग पुढच्या थांब्यावर पहिली बस खचाखच भरते, तिच्या मागची अर्धी रिकामी जाते आणि तिसरीला फलाटाशी जागा मिळेपर्यंत तिष्ठावे लागते. थांब्यापाशी पुढच्या बसला ओलांडण्याची सोय नसलेल्या एकेरी मार्गिकेत ताशी साठच्या आसपास बस झाल्या की हा प्रकार सुरू होतो. तीन-चार मिनिटांनी येणाऱ्या गाडीला मात्र हिरवा दिवा राखून ठेवणे शक्य असते. बसची वारंवारिता वाढवत नेली की तिचा वेग घटू लागतो, ही बीआरटीची खरी मर्यादा आहे. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेली ट्रान्समिलेनियो ही बससेवा ताशी एका दिशेने चाळीस हजारांहून अधिक प्रवासी वाहते, हे उदाहरण बसच्या समर्थनार्थ हमखास दिले जाते. ते खरेही आहे, पण त्यासाठी तेथे प्रत्येक दिशेला बसच्या दोन-दोन मार्गिका आहेत. नाशिक किंवा सोलापूरमधला रस्ता चार मार्गिका बसला देऊ शकत नाही. त्याला देता येतात त्या दोन, आणि दुहेरी रुळांना लागणारी सुमारे सात मीटर रुंदीही तेवढीच असते. रस्त्यावरच्या जागेपुरते पाहिले तर या दोन साधनांत मोठा फरक नाही.

थांब्यावर काय घडते तेही जवळून पाहण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या उंच बसला दोन पायऱ्या असतात. पिशव्या घेतलेली बाई, गुडघे दुखणारे आजोबा, पाठीवर दप्तर असलेली शाळकरी मुले एकाच अरुंद दारातून चढू पाहतात, उतरणारे त्याच वेळी बाहेर येऊ पाहतात, आणि एका थांब्यावर अर्धा मिनिट सहज जातो. समतल फलाट आणि रुंद दारे यांमुळे हेच काम दहा-बारा सेकंदांत उरकते. वीस थांब्यांच्या मार्गावर ही बचत सहा मिनिटांची होते, इंजिनाची ताकद वाढवून ती कधीच साधत नाही. पण त्यासाठी बस फलाटाला अगदी लगटून उभी राहावी लागते. चालकाने चाक घासण्याच्या भीतीने फूटभर अंतर ठेवले की समतल फलाटाचा सारा फायदा संपतो, कारण मग प्रवाशाला त्या फटीवरून उडी मारावी लागते, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस तर आत जाऊच शकत नाही. रुळांवरच्या गाडीला ही अडचण नसते. रूळ तिला दर वेळी फलाटापासून तेवढ्याच अंतरावर आणून उभी करतात. बसच्या बाबतीत हे चालकाच्या सरावावर, कडेला बसवलेल्या मार्गदर्शक कठड्यावर आणि सरावासाठी कंत्राटदाराने खर्च केलेल्या वेळावर अवलंबून असते, आणि कंत्राटात त्याचा उल्लेख बहुधा नसतो.

रूळ टाकण्याचा खर्च मात्र रुळांपुरता मर्यादित राहत नाही. ज्या पट्ट्यावर रूळ येणार त्याखालील जलवाहिन्या, सांडपाण्याच्या नळ्या, वीज व दूरसंचार यांच्या तारा आधी बाजूला न्याव्या लागतात, कारण एकदा गाडी सुरू झाल्यावर गळती काढण्यासाठी मार्ग खणणे म्हणजे सेवा बंद ठेवणे. स्कॉटलंडमधील एडिनबर्ग हे साधारण पाच लाख वस्तीचे शहर या कारणाने पोळले. तेथील ट्रामचा मूळ अंदाज ३७.५ कोटी पौंडांचा होता आणि मार्ग विमानतळापासून शहराच्या मध्यातून थेट बंदराच्या दिशेने जायचा होता. जमिनीखाली अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वाहिन्या सापडल्या, कंत्राटदाराशी वाद पेटले, आणि मे २०१४ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा ७७.६ कोटी पौंड खर्चून केवळ १४ किलोमीटर मार्ग, तोही शहराच्या मध्यापर्यंतचा, हाती आला होता. बंदराकडचा उरलेला टप्पा २०२३ मध्ये पूर्ण झाला आणि या दिरंगाईची चौकशी करणाऱ्या लॉर्ड हार्डी यांचा अहवालही त्याच वर्षी आला. जुन्या पेठांखालून कोणती नळी कोठून गेली आहे याचा भरवशाचा नकाशा ज्या महापालिकांपाशी नाही, त्यांनी एडिनबर्गची कथा निविदा काढण्यापूर्वी वाचावी.

बसपासून सुरुवात करून पुढे रुळांकडे वळलेल्या शहराचे उत्तम उदाहरण म्हणजे कॅनडाची राजधानी ओटावा. सुमारे दहा लाख वस्तीच्या या शहराने १९८३ पासून ‘ट्रान्झिटवे’ हे बसचे स्वतंत्र मार्ग उभारले. त्यांपैकी बराच भाग चौक टाळून, खोदलेल्या पात्रातून किंवा पुलावरून नेलेला होता आणि भविष्यात तेथे रूळ टाकता यावेत अशी रचना पहिल्यापासून ठेवलेली होती. उपनगरातून निघालेली बस आपल्या गल्लीतून प्रवासी घेऊन या मार्गावर शिरे आणि न बदलता कार्यालयांच्या भागात सोडे. अडचण झाली ती शहराच्या मध्यभागी, जेथे स्वतंत्र मार्ग संपून आल्बर्ट व स्लेटर या दोन एकदिशा रस्त्यांवर बसची रांग लागे. गर्दीच्या तासात तेथे ताशी १८० च्या घरात बस जाऊ लागल्या तेव्हा आणखी बस सोडण्यात अर्थ उरला नाही. म्हणून शहराने मध्यभागी अडीच किलोमीटर बोगदा खणून १२.५ किलोमीटरचा लाइट रेल मार्ग २.१ अब्ज कॅनेडियन डॉलर खर्चून बांधला आणि तो सप्टेंबर २०१९ मध्ये, ठरलेल्या मुदतीपेक्षा वर्षाहून अधिक उशिराने, सुरू केला.

पुढे जे झाले ते रेल्वेच्या भक्तांनी नजरेआड करू नये. दारे अडकणे, चाके झिजून चपटी होणे, हिवाळ्यात यंत्रणा थंडावणे यांमुळे सेवा वरचेवर विस्कळीत झाली. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गाड्या दोनदा रुळांवरून घसरल्या आणि दुसऱ्या अपघातानंतर मार्ग ५४ दिवस बंद राहिला. न्यायमूर्ती विल्यम हॉरिगन यांच्या सार्वजनिक चौकशीने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिलेल्या अहवालात बांधकाम व संचालन करणाऱ्या कंपन्यांबरोबर शहर प्रशासनालाही धारेवर धरले. पूर्वी एका बसमध्ये होणारा प्रवास आता मध्ये उतरून गाडी बदलून करावा लागू लागला, ही सामान्य प्रवाशाची तक्रार वेगळीच. एक बस बिघडली तर मागची बस तिला वळसा घालून जाते. एक रेल्वेगाडी बिघडली तर सारा मार्ग थांबतो. तरीही ओटावाने बसपासून सुरुवात करून चूक केली असे म्हणता येत नाही. छत्तीस वर्षे त्या मार्गांनी शहराला वाहून नेले, प्रवासी जमवले, आणि रुळांसाठी लागणारी जागा विनावाद हाती ठेवली. जागा आधी ताब्यात नसती तर बारा किलोमीटरांचा खर्च किती झाला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

याच्या उलट वाटेने गेलेले शहर म्हणजे फ्रान्समधील नांत. १९८५ मध्ये या शहराने नव्या पिढीची ट्राम सुरू केली आणि फ्रान्समधील अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. पण चौथ्या मार्गाची वेळ आली तेव्हा अपेक्षित प्रवासीसंख्या रुळांचा खर्च भरून काढण्याइतकी नाही, असे पाहून नांतने २००६ मध्ये सुमारे सात किलोमीटरचा ‘बसवे’ बांधला. ट्रामच्या मार्गांना दिली होती तशीच राखीव मार्गिका, तशीच स्थानके, चौकात तसाच अग्रक्रम, आणि नकाशावर तोच दर्जा. फरक फक्त रबराच्या चाकांचा. प्रवासी अंदाजाबाहेर वाढल्यावर २०१९ मध्ये तेथे २४ मीटर लांबीच्या विजेवरच्या बस आणल्या गेल्या. आधीच ट्राम चालवणाऱ्या, तिच्यावर अभिमान बाळगणाऱ्या शहराने एखाद्या मार्गासाठी डोळसपणे बस निवडावी, यातून त्या प्रशासनाची प्रौढता दिसते.

फ्रेंच शहरांना हे परवडते कसे, हा प्रश्न मात्र येथे विचारलाच पाहिजे. १९७० च्या दशकापासून तेथील नगर प्रशासनांना, ठरावीक संख्येहून अधिक नोकरदार असलेल्या आस्थापनांकडून वेतनाच्या काही टक्के इतका वाहतूक कर घेता येतो आणि ते उत्पन्न केवळ सार्वजनिक वाहतुकीवरच खर्च होते. कामगार वेळेवर कारखान्यात पोचतो त्याचा लाभ मालकालाही होतो, म्हणून मालकाने त्याचा भार उचलावा, हे त्यामागचे तत्त्व. महाराष्ट्रातील महापालिकांची जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला आणि २०१७ नंतर महापालिका वस्तू व सेवा कराच्या भरपाईवर अवलंबून राहिल्या. मार्ग बांधायला केंद्राचे व राज्याचे अनुदान मिळते, उद्घाटनाला मंत्री येतात. पण तिकिटाचे उत्पन्न आणि चालवण्याचा खर्च यांतली तूट दरवर्षी कोण भरणार, याला कायमचा धनी नसतो. २०२३ च्या ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेत केंद्राने बस चालवण्यासाठीही दहा वर्षे साहाय्य देऊ केले, हा त्या दृष्टीने चांगला बदल आहे. रुळांसाठी अशी सोय नाही.

भारतातील बीआरटीचा इतिहास हा मुख्यतः मार्गिका राखता न येण्याचा इतिहास आहे. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर देशातील पहिला प्रयोग सुरू झाला, तोही घाईने. पदपथ, पादचाऱ्यांना ओलांडण्याची जागा आणि दुभाजक यांची कामे अर्धवट असताना बस सोडल्या गेल्या, मार्गिकेत दुचाकी शिरू लागल्या, आणि ‘बीआरटी म्हणजे अपघात’ असे समीकरण लोकांच्या मनात बसले. २०१५ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये आणि विश्रांतवाडी मार्गावर ‘रेनबो’ या नावाने झालेले काम पुष्कळ बरे होते, तरी नगर रस्त्यावरील मार्गाचा काही भाग २०२३ मध्ये उखडण्यात आला. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला. मोटारचालकांच्या रोषामुळे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने २०१२ मध्ये बसच्या बाजूने निकाल दिला, आणि तरीही तो मार्ग पुढे २०१६ मध्ये तोडला गेला. भोपाळमध्ये २०२४ च्या आरंभी हातोडा पडला आणि इंदूरमध्ये २०२५ मध्ये उच्च न्यायालयानेच मार्ग हटवण्यास सांगितले. अहमदाबादचा ‘जनमार्ग’ २००९ पासून टिकला, कारण त्यासाठी वेगळी कंपनी होती, मार्ग आखताना गर्दीची ठिकाणे जोडायची पण गर्दीचे अरुंद रस्ते टाळायचे हे धोरण होते आणि शहर प्रशासन त्यामागे ठाम उभे राहिले. अर्थात रुंद रस्ते निवडल्यामुळे कित्येक स्थानके जुन्या शहरातील प्रवाशांपासून दूर पडली, हेही खरे.

बसच्या समर्थकांचा आवडता मुद्दा असा की ती लवचीक आहे, हवी तशी वळवता येते. भारतीय अनुभव सांगतो की जे सहज वळवता येते ते सहज उखडताही येते. दुभाजक फोडायला एक रात्र पुरते; रूळ काढायला मोठा निर्णय लागतो, म्हणून रुळांशेजारी घर किंवा दुकान घेणाऱ्याला भरवसा वाटतो. लाइट रेलच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा वेग किंवा झोकदारपणा नसून हाच आहे. पण रस्त्यातली सात मीटर जागा मोटारींकडून काढून घेण्याचा वाद दोन्ही साधनांत सारखाच होणार, आणि बससाठी ती जागा राखू न शकलेले प्रशासन रुळांसाठी राखू शकेल असे मानण्यास आधार नाही.

हा वाद टाळण्याचा आपल्याकडचा नवा मार्ग म्हणजे सगळे काही खांबांवर चढवणे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ताशी १५,००० प्रवाशांपर्यंतच्या मार्गांसाठी ‘मेट्रोलाइट’ आणि २०२० मध्ये ताशी ८,००० पर्यंतच्या मार्गांसाठी ‘मेट्रोनिओ’ यांचे मानक ठरवले. पहिली ही लाइट रेल आहे आणि दुसरी म्हणजे वरच्या तारांतून वीज घेणारी, रबराच्या चाकांची लांब बस. नाशिकसाठी मेट्रोनिओचा सुमारे ३३ किलोमीटरचा, बहुतांशी उन्नत मार्ग योजण्यात आला आणि फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. पुढची कित्येक वर्षे काम काही उभे राहिले नाही. किलोमीटरला साठ कोटींहून अधिक खर्च करून बस पुलावर नेण्याने प्रवाशाचे काय साधते, हा हिशेब साधा आहे. चार किलोमीटरच्या प्रवासात ताशी १५ ऐवजी २५ किलोमीटर वेग मिळाला तर सुमारे साडेसहा मिनिटे वाचतात. दोन मजले चढणे, तपासणी, पुन्हा उतरणे यांत त्यांतली निम्मी जातात. लांबच्या प्रवासाला हे परवडते, मध्यम शहरातल्या छोट्या प्रवासाला नाही. शिवाय नव्या संकरित वाहनांबाबत सावध असावे असा इतिहास आहे. फ्रान्समधील नान्सी व काँ या शहरांनी एका रुळाच्या आधाराने चालणारी रबरी चाकांची ‘ट्राम’ स्वीकारली होती. रस्त्याला चाकोऱ्या पडल्या, बिघाड वाढले आणि ते वाहन बनवणे बंद झाल्याने सुटे भाग मिळेनात. काँने ती २०१७ च्या अखेरीस बंद करून खरी ट्राम आणली, नान्सीने २०२३ मध्ये मोडीत काढून ट्रॉलीबस घेतल्या. नाशिकच्या योजनेत मधला रूळ नव्हता हे मान्य, पण एकाच उत्पादकावर पन्नास वर्षांसाठी विसंबण्याचा धोका त्या प्रकारचाच आहे.

नाशिकपुरते बोलायचे तर २०११ च्या जनगणनेत १४.८६ लाख लोकसंख्या असलेल्या या शहरात २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक बससेवा चालते आणि तिच्या बसची संख्या अडीचशेच्या आसपास आहे. केंद्राच्या मापदंडानुसार चांगल्या सेवेसाठी लाख लोकांमागे साठ बस हव्यात, म्हणजे जुन्या लोकसंख्येच्या हिशेबानेही सुमारे नऊशे. जेथे बसच अपुऱ्या आहेत तेथे रूळ की पूल ही चर्चा जरा पुढची आहे. द्वारका ते नाशिक रोड हा पट्टा मात्र स्वतंत्र मार्गिकेसाठी जणू आखूनच ठेवलेला आहे; रेल्वे स्थानक आणि शहर यांना जोडणारी घोड्यांची ट्राम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे चार दशके याच दिशेने धावत होती, ही गोष्ट खुद्द नाशिककरांपैकीही थोड्यांना ठाऊक असेल. येथे जोडबसची पूर्ण दर्जाची मार्गिका करावी, तिचा पाया काँक्रीटचा असावा म्हणजे चाकोऱ्या पडणार नाहीत, खालच्या वाहिन्या त्याच वेळी कडेला न्याव्यात, आणि बस दीड मिनिटापेक्षा कमी अंतराने सोडाव्या लागतील तेव्हा रुळांचा विचार करावा. सिंहस्थाच्या पर्वणीला याच मार्गिकेतून शेकडो एसटी आणि रुग्णवाहिका सोडता येतील. रुळांवर ती सोय नाही. सोलापूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथील मुख्य मार्गांची गर्दी मोजली तर तेथेही उत्तर फारसे वेगळे येईल असे वाटत नाही.

२०१७ च्या मेट्रो धोरणानुसार केंद्राची मदत मागणाऱ्या प्रत्येक शहराला बस, ट्राम, लाइट रेल व मेट्रो यांचे तुलनात्मक विश्लेषण करावे लागते. मात्र हे विश्लेषण साधन ठरल्यानंतर लिहिले जाते, असा संशय यावा इतके ते अहवाल एकसारखे वाटतात. रस्त्याची रुंदी आणि तिचे वाटप हे त्याच्याही आधी, शहराच्या विकास आराखड्यात ठरते, आणि त्या प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना नोंदवण्याचा अधिकार कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. ज्या वाचकांच्या शहराचा आराखडा आता प्रसिद्ध होत असेल, त्यांनी आपल्या घरासमोरच्या आरक्षणाबरोबरच मुख्य रस्त्याच्या मधोमध सार्वजनिक वाहतुकीसाठी सात मीटरांची पट्टी राखण्याची सूचना लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.